नातवासह औंधास

२०२४ सालच्या आश्विनात, कोजागिरी होऊन चार-पाच दिवस लोटले असता, आम्ही आमच्या थोरल्या नातवास बरोबर घेऊन औंधास जाऊन आलो. औंध म्हणजे पुण्याच्या अंगास लागून असलेले व आता त्या शहराच्या पोटात गेलेले औंध नव्हे; सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील, यमाईचे व पंतप्रतिनिधींचे औंध. यमाई ही आमची कुलस्वामिनी. आमच्या घराण्यातील प्रत्येक मुलगा मुंजीनंतर एकदा व लग्नानंतर एकदा येथे पायांवर घातला जातोच. या खेपेची यात्रा मात्र या दोहोंपैकी कोणत्याही कारणाची नव्हती, आणि खरे कारण आम्ही निघताना नातवास सांगितलेही नव्हते. वाचकांपासून ते लपविण्यात अर्थ नाही.

आमच्या एकत्र कुटुंबात आजमितीस अकरा मते आहेत. १९५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. त्या वेळी आमच्या घरची सर्व मते एकाच पेटीत पडली आणि तेव्हापासून आजवर ती एकत्रच पडत आली, निदान तशी आमची समजूत आहे. मतदानाच्या आदल्या रात्री दिवेलागणी झाल्यावर घरातील वडील मनुष्याने माजघरात सर्वांस बसवावे, नाव सांगावे, आणि सर्वांनी माना डोलवाव्यात. सुना माहेराहून काय विचार घेऊन आल्या हे त्यांस कोणी पुसले नाही, व पडद्याआड गेल्यावर त्यांनी काय केले हे त्यांचे त्यांस ठाऊक. परंतु घरात जन्मलेल्या मुलग्यांपुरता याहून अधिक पक्का बंदोबस्त होता. मत देण्याच्या वयाचा झाला की त्यास औंधास न्यावयाचे, यमाईसमोर नारळ ठेवावयाचा, आणि घराबाहेर मत देणार नाही असा शब्द घ्यावयाचा. आमच्या वडिलांनी आमच्याकडून तो १९७९ च्या मार्गशीर्षात घेतला. तेव्हा मताचे वय २१ होते. १९८९ साली ते १८ वर आले. आमच्या नातवास २०२४ साली अठरावे संपले. तो तेव्हा पुण्यास महाविद्यालयात पहिल्या वर्षास होता, आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. नारळ आमच्या पिशवीत होता.

ही चाल कोणी घातली ते सांगितले पाहिजे, नाहीतर वाचक आम्हांस निव्वळ हट्टी म्हातारा समजतील. ती घातली आमच्या आजोबांनी. घरात त्यांस सर्व तात्या म्हणत. तात्या औंध संस्थानच्या आटपाडी महालातील एका लहानशा गावी प्राथमिक शाळेचे मास्तर होते. घर व चौदा एकर जमीन मात्र इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूस. गांधीजींच्या वधानंतर १९४८ च्या फेब्रुवारीत ब्राह्मणांची घरे जळाली, त्यांत ते घर गेले. त्याच वर्षी कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर जमीनही गेली. कुळाने ती दोन पिढ्या घाम गाळून कसली होती हे खरेच आहे, आणि त्या कुळाच्या नातवास पुढे आम्हीच शाळेत शिकविले. परंतु तात्यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट राहिली, ती ही की दहा वर्षांत पाच पिढ्यांचे उभे केलेले आडवे झाले. घर जळाले; आता घर फुटू द्यावयाचे नाही, एवढे एकच राजकारण त्यांस उरले. ते आमच्या अंगात कसे उतरले हे आम्हांस सांगता येणार नाही. बोलता बोलता उतरते.

आम्ही स्वतः जुन्या मताचे आहो. जे चालत आले आहे त्यास निदान आपली बाजू मांडण्याची संधी मिळाल्यावाचून ते मोडू नये असे आम्हांस वाटते. आमची मुख्य चिंता मात्र मागच्यांविषयी नसून पुढच्यांविषयी आहे. आज सरकार जे कर्ज काढते ते ज्यांस फेडावयाचे त्यांपैकी कित्येकांस आज मत नाही, कित्येक तर अजून जन्मासही आलेले नाहीत. जे पाणी आज आपण उसास पाजतो ते त्यांच्या वाटणीचे. त्यांच्या वतीने आज कोणी तरी बोलले पाहिजे, आणि घरातील ज्याचे स्वतःचे काही मागावयाचे उरलेले नाही असा वृद्ध मनुष्य त्यास सर्वांत योग्य. घरातील मते एकत्र असावीत हा आमचा आग्रह या विचारावर उभा होता. तो मनात आम्ही इतक्या वेळा घोटला होता की त्यात कोठे फट असेल असे आम्हांस वाटले नव्हते.

सकाळच्या एस. टी.ने आम्ही साताऱ्याहून निघालो. औंध येथून रहिमतपूरमार्गे चाळीसएक किलोमीटर. रहिमतपूरपर्यंत दोहों बाजूंस हिरवळ असते. पुढे ती हळूहळू विरळ होत जाते आणि माणदेशाची चाहूल देणारा उघडा, तांबूस-करडा मुलूख सुरू होतो. पाऊस या बाजूस येता येताच थकतो. यंदा तो बरा झाला होता. शाळूची पेरणी चालली होती व कोठे कोठे अंकुर वर आले होते. नातू खिडकीशी बसला होता. त्यास आम्ही पेरणीची पाभर दाखविली. त्याने आमच्या समाधानासाठी ती पाहिली.

वाटेत बोलणे निघाले ते स्त्रियांस दरमहा मिळू लागलेल्या पंधराशे रुपयांवरून. ही योजना त्याच वर्षी जुलैपासून सुरू झाली होती. पुढच्या पिढीच्या नावे उसनवारी करून आज वाटप करणे बरे नव्हे, असे आम्ही म्हटले. नातू म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे जमा झालेले पाहिले. पासबुक घेऊन आजीला दाखवायला आल्या होत्या. तुम्ही पूजेत होता." हे आम्हांस ठाऊक नव्हते. हिशेब तरीही चुकीचाच आहे असे आमचे मत आहे, परंतु त्या पासबुकाची गोष्ट घरात राहूनही आमच्या कानी आली नव्हती हे मनास लागले.

औंध गाव लहान आहे. गावातील यमाईचे देऊळ, त्यापुढची उंच दीपमाळ, शेजारी राजवाडा, आणि मागे देवीचा डोंगर. एवढे पाहिले की गाव संपते. तथापि या एवढ्याशा गावाने आपल्या भाषेस व विद्येस किती दिले याचा विचार केला म्हणजे आश्चर्य वाटते. साने गुरुजी येथे काही काळ शिकावयास होते. गजानन दिगंबर माडगूळकर येथल्याच शाळेतले. त्यांचे बंधू व्यंकटेश यांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली आहे त्यांस संस्थानातील तरुण मास्तर, त्याने उठविलेली तालीम आणि तिच्यासाठी आलेले राजेसाहेब आठवतील. तात्यांस ओळखणारे लोक म्हणत की तो मास्तर तात्यांसारखाच वाटतो, फक्त तात्या इतके सौम्य नव्हते. पंडित सातवळेकरांनी १९१८ पासून तीस वर्षे येथे वेदांचे काम केले. संस्कृत शिकविणारी त्यांची पुस्तके आमच्या पिढीच्या कित्येकांच्या हाती पहिल्याने पडली, त्यांत आम्हीही एक. १९४८ नंतर पंडितजी गुजरातेत पारडीस गेले. औंधाच्या एका उजाड वाटेवरून चालताना आम्ही नातवास हे सांगितले. तो म्हणाला, "सगळे गेलेच का इथून?" प्रश्न साधाच होता.

डोंगराच्या अंगावर, अर्ध्या वाटेत, श्रीभवानी संग्रहालयाची इमारत आहे. ती राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारली. ७२ गावांचे, ठिकठिकाणी तुकड्या विखुरलेले असे ते संस्थान. त्याच्या धन्याने आपला पैसा कशात घातला ते येथे येऊन पाहावे. राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, हस्तिदंती काम आहे, आणि स्वतः राजेसाहेबांच्या हातचीही चित्रे आहेत. त्यांनी काढलेल्या चित्रांचे रामायण १९१६ साली छापून प्रसिद्ध झाले होते. हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराची माता व बालक यांची एक दगडी मूर्तीही येथे आहे. ती जगप्रसिद्ध आहे असे सांगतात. आम्हांस ती आवडली नाही. नातू मात्र तिच्यापुढे पुष्कळ वेळ उभा राहिला आणि हलेचना. शेवटी आम्ही बाकावर बसलो.

बसल्या बसल्या त्यास आम्ही या राजाची ती मोठी गोष्ट सांगितली, जी आज साताऱ्यातही फार थोड्यांस ठाऊक आहे. भवानराव १८६८ चे. सूर्यनमस्काराचा त्यांस इतका ध्यास की संस्थानच्या शाळांतून तो सक्तीचा. तात्या पहाटे पोरांकडून घालवून घेत. १९३८ च्या हिवाळ्यात, सत्तरी गाठलेली असताना, या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेत शिकून आलेले. त्यांच्याबरोबर मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर, जो भारतानंद म्हणूनही ओळखला गेला. गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली व १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. गावाने पाच पंच निवडावयाचे, गावच्या पंचायतींतून तालुक्याची सभा व तालुक्यांतून संस्थानची सभा भरावयाची. गावच्या तंट्यांचा निवाडाही गावानेच करावयाचा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची, भिंतींवाचूनची वसाहत याच सुमारास कैद्यांसाठी निघाली. १९५७ साली शांतारामबापूंनी 'दो आँखे बारह हाथ' हा बोलपट काढला तो तिच्यावरूनच. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. म्हणजे हा सारा प्रयोग नऊ वर्षांचा. त्या वेळी हिंदुस्थानात पाचशेहून अधिक संस्थाने होती.

"आणि तात्या?" नातवाने विचारले. मूर्तीपासून तो केव्हा येऊन शेजारी बसला हे आम्हांस कळले नव्हते.

तात्या कडाडून विरुद्ध होते. ज्यांस सावकाराने दिलेली पावती वाचता येत नाही त्यांच्या हाती न्यायनिवाडा देणे म्हणजे पोराच्या हाती वस्तरा देणे, असे ते चारचौघांत बोलत. मास्तरांनी पंचायतीचे वृत्तांत लिहावेत असे गावाने विनविले तेव्हा प्रथम त्यांनी साफ नकार दिला. मग कोणी तरी वाकड्यातिकड्या अक्षरांत, अशुद्ध असा पहिल्या सभेचा वृत्तांत लिहून आणला. तो पाहून तात्यांस राहवेना. दुसऱ्या सभेपासून वही त्यांच्याकडे आली ती नऊ वर्षे राहिली. शुद्धलेखन माझे, ठराव तुमचे, असे ते पंचांस म्हणत. एकदा विहिरीच्या पाण्यावरून तंटा झाला, त्यात पंचांनी आपल्याच मुख्याच्या सख्ख्या भावास दंड केला. त्या रात्री तात्यांनी घरी येऊन कोणाशी बोलणे केले नाही म्हणतात. पुढे फेब्रुवारीत कोरेगावकडचे घर जळाल्याची वार्ता आली आणि बाहेरगावचे लोक इकडेही येणार अशी अफवा उठली, तेव्हा तेच पंच तीन रात्री तात्यांच्या ओसरीवर काठ्या घेऊन बसून राहिले. कोणी आले नाही. चौथ्या दिवशी पंच उठून आपापल्या शेतावर गेले.

"मग तात्यांनी मत बदललं?"

"नाही."

"का नाही?"

यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. बाल्यापासून ही गोष्ट आम्ही पन्नास वेळा ऐकली होती व पन्नास वेळा सांगितली होती. परंतु घर जळाले हा भाग आम्ही नेहमी सावकाश सांगत आलो, आणि ओसरीवर बसलेल्यांचा भाग भराभर. आमच्या वडिलांनीही तसाच सांगितला होता. ते लोक कोण, त्यांची नावे काय, हे आम्हांस कोणीही सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. वह्या कोठे गेल्या तेही ठाऊक नाही.

तेथून देवीच्या डोंगरावर निघालो. वरपर्यंत आता गाडी जाते, परंतु आम्ही पायऱ्यांनीच चढावयाचे ठरविले. गुडघ्यांनी लवकरच आपले मत नोंदविले. तिसऱ्या विसाव्यास, चढणीचा दम जरा खाली बसल्यावर, आम्ही नातवापाशी विषय काढला. एकदम शब्द मागितला नाही. न जन्मलेल्यांचा विचार, कर्ज, पाणी, घरातील वडिलाचे काम, हे सारे जसे मनात घोटले होते तसे शांतपणे मांडले. त्याने मध्ये तोंड घातले नाही. सर्व ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "आजोबा, जे अजून जन्मले नाहीत त्यांच्या वतीनं तुम्ही बोला, ते बरोबरच आहे. पण मी जन्मलोय ना?"

त्याने हे उद्धटपणे म्हटले नाही. किंबहुना म्हणून झाल्यावर तोच ओशाळला आणि आमच्या हातातील पिशवी घेऊन पुढे चढू लागला. आम्ही मात्र तेथेच थोडा वेळ बसून राहिलो. खाली गाव, पलीकडे उघडे माळ, दूर कोठे तरी ट्रॅक्टरचा आवाज. आम्ही आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले, महाभारतातील ययातीची कथा तर दरवर्षी. म्हातारपण सोसेना म्हणून त्याने पुत्रांपाशी तारुण्य मागितले. चौघांनी नाकारले, धाकट्या पुरूने दिले. पुरू हा आज्ञाधारक पुत्राचा नमुना म्हणून आम्ही वर्गात सांगत आलो. मागणाराविषयी वर्गात आम्ही फारसे बोलत नसू. नातवंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी असे स्मृतिकार सांगतात, आणि रघुवंशातले राजे राज्य मुलाच्या हाती देऊन निघून जातात. भवानरावांनी ते परक्याच्या मुलांच्या हाती दिले. आमच्यापाशी राज्य नव्हते. एक मत होते, तेही आमचे नव्हे.

वर देऊळ किल्ल्यासारख्या तटबंदीत आहे. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची देवी मांडी घालून बसलेली. मूर्ती एवढी भव्य आहे की लहानपणी आम्हांस तिची भीती वाटत असे, आणि साठी उलटल्यावरही ती पुरती गेलेली नाही. गर्दी नव्हती. पुजाऱ्यांनी नारळ हाती घेऊन विचारले, "संकल्प काय सांगू?"

नातू आमच्याकडे पाहू लागला. आमच्या वेळी आमच्या वडिलांनी हेच ऐकले होते व आमचा हात धरून पुढे केला होता. तो हात अजून आठवतो. घामाने ओला झालेला होता, त्यांचा की आमचा हे सांगता येत नाही.

"मुलास विद्या येवो," आम्ही म्हणालो.

पुजाऱ्यांनी तसे सांगितले. नारळ फुटला, अर्धा परत मिळाला. उतरताना नातवाने आमचा कोपर धरला होता. दोन वळणे झाल्यावर तो म्हणाला, "आजोबा, आपण खरं कशासाठी आलो होतो?"

"दर्शनास," आम्ही म्हटले. "खोबरे खा."

दिवाळी झाली. १९ नोव्हेंबरच्या रात्री माजघरात सर्व बसले, तेव्हा आम्ही आमचे मत अर्धा घटका सविस्तर सांगितले. कर्जाविषयी जे म्हणावयाचे ते सर्व म्हटले, त्यातील एक शब्दही कमी केला नाही. मग नाव सांगावयाच्या जागी आम्ही थांबलो व उठून हात धुवावयास गेलो. परत आलो तो सर्व तसेच बसलेले. धाकट्या सुनेने विचारले, "मामंजी, मग उद्या कोणाला?" आम्ही म्हटले, "सांगितले ना सारे." त्यावर मागच्या रांगेत कोणी तरी हसले. कोण ते आम्ही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी नातू पुण्याहून सकाळच्या गाडीने आला, मत देऊन आला व रात्री पंगतीस आमच्या शेजारीच बसला. त्याच्या डाव्या हाताच्या बोटास शाई होती. आमटीचे पातेले त्याने स्वतःच पुढे ओढून घेतले. त्याने कोणास मत दिले हे आम्ही विचारले नाही. विचारावेसे मात्र जेवताना दोनदा वाटले.